अंधारातील पात्रे पडद्यावर नकोत, समोर हवीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

करमणूक उद्यानांतील 'डार्क राइड' हा प्रकार आता आपल्याकडच्या मुलांनाही परिचयाचा झाला आहे. अंधाऱ्या दालनांतून रुळावरची लहानशी गाडी किंवा पाण्यातली होडी सावकाश फिरते आणि वळणावळणावर उजेडाच्या कवडशात हलणारी, बोलणारी, गाणारी गमतीदार पात्रे भेटतात. या पात्रांविषयी, आणि त्यांची जागा घेऊ लागलेल्या पडद्यांविषयी, मला काही लिहावयाचे आहे. मोठ्या माणसांच्या पत्रव्यवहारात हा विषय किरकोळ ठरण्याचा संभव आहे, पण मला तो तसा वाटत नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मी बत्तीस वर्षे उपकरणांच्या देखभालीचे काम केले, आणि त्याच काळात आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांची यंत्रणाही अनेक वर्षे सांभाळली. निर्जीव बाहुलीने मान वळवली की समोरच्या गर्दीतल्या मुलाचा चेहरा कसा होतो, हे मी देखाव्याच्या मागच्या बाजूने, कापडाच्या फटीतून पुष्कळदा पाहिले आहे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत सहा वर्षांच्या नातीला घेऊन मी एका करमणूक उद्यानात गेलो होतो. उद्यानाचे नाव लिहीत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका जागेपुरते नाही. जंगलातले प्राणी वाद्ये वाजवीत आहेत, अशा कल्पनेची एक राइड तेथे होती. पहिल्याच वळणावर तबला वाजवणारा हत्ती होता. तबल्याचे बोल ध्वनिवर्धकातून येत होते, परंतु हत्तीची सोंड आणि पुढचे दोन्ही पाय स्तब्ध होते. पुढे झांजा घेतलेला ससा बसला होता. त्याचा जबडा उघडा राहिला होता आणि पोटातून ठरावीक अंतराने 'टक्, टक्' असा आवाज येत होता. नात माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजोबा, सशाला उचकी लागलीये." तो आवाज मी ओळखला. आतल्या गिअरचे दाते झिजले होते, मोटर फिरत होती आणि तिचा जोर जबड्यापर्यंत पोहोचत नव्हता. थोडक्या पैशांचा सुटा भाग आणि तासाभराचे काम, एवढाच तो बिघाड होता. त्यापुढच्या दालनात पात्रेच नव्हती. भिंतभर पडदा होता आणि त्यावर अस्वल, माकडे व मोर यांचे रंगीत कार्टून चालू होते. गाडी थांबली, कार्टून संपले, गाडी निघाली. घरी आल्यावर नातीने आजीला जे सविस्तर सांगितले, त्यात पडद्यावरच्या एकाही प्राण्याचा उल्लेख नव्हता. ती सशाबद्दल सांगत होती, आणि रात्री उद्यान बंद झाल्यावर त्याला पाणी कोण देते, हे तिला विचारावयाचे होते.

बिघडलेला ससाही चांगल्या चालणाऱ्या पडद्यापेक्षा मुलीच्या मनात राहिला, याचे मला नवल वाटले नाही. पडद्यावरचे प्राणी ती घरी रोज पाहते. ससा मात्र तिच्यापासून चार हातांवर होता, त्याला पाठ होती, गाडी पुढे सरकली तेव्हा त्याच्या दुसऱ्या कानामागची बाजूही तिला दिसली. गाडीतून जाताना घन आकृती आपल्याबरोबर वळत असल्याचा जो भास होतो, तो सपाट पडद्यावर होत नाही. उलट गाडीच्या कडेला बसलेल्याला पडद्यावरचे चित्र तिरके व ओढलेले दिसते. दुसरी अडचण डोळ्यांची आहे. उजेडातून अंधारात आल्यावर आपले डोळे पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि सरावलेले डोळे प्रखर प्रकाशाने काही क्षणांतच पुन्हा मिटल्यासारखे होतात. राइडच्या मध्यावर भिंतीएवढा झगझगीत पडदा लावला, की त्यापुढच्या दालनातील मंद प्रकाशातली पात्रे काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागतात. आमच्या बाबतीत नेमके तेच झाले. पडद्यानंतर एक सारंगीवादक घुबड होते म्हणे; आम्हा दोघांनाही ते दिसले नाही.

या प्रकाराचा इतिहास पाहिला तर माणसे अंधारात काय पाहायला जातात, हे लक्षात येते. १९०१ साली अमेरिकेतील बफेलो शहराच्या प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्पसन यांनी 'चंद्राची सफर' घडवली होती. पंख हलवणाऱ्या विमानासारख्या नौकेत बसून लोक चंद्रावर 'उतरत' आणि तेथे सोंगे घेतलेले चंद्रवासी त्यांना हिरव्या चीजचे तुकडे देत. यंत्रे त्या काळी साधी होती, म्हणून पात्रे माणसांनीच वठवली. पण पात्रांशिवाय चंद्र दाखवावा असे कोणाला वाटले नाही. पुढे १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड सुरू झाले. तेथील हिमगौरीच्या, म्हणजे स्नो व्हाइटच्या, राइडमध्ये खुद्द हिमगौरीच ठेवलेली नव्हती. प्रवाशाने स्वतःला हिमगौरी समजावे, जंगलाची व चेटकिणीची भीती तिच्या नजरेने अनुभवावी, असा रचनाकारांचा हेतू होता. हेतू हुशारीचा होता, परंतु लोक बाहेर येऊन 'हिमगौरी कुठे आहे' असे विचारीत राहिले, आणि १९८३ साली राइडची पुनर्रचना झाली तेव्हा तिची बाहुली अखेर तेथे बसवण्यात आली.

याहून बोलके उदाहरण फिगमेंटचे आहे. काही वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेत गेलो असताना फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या, डिस्नीच्याच एपकॉट उद्यानात मी त्याला प्रत्यक्ष पाहिले आणि तेव्हापासून त्याची हकीकत मिळेल तेथून वाचत आलो. फिगमेंट हा जांभळ्या रंगाचा इवलासा ड्रॅगन आहे. त्याला बैलासारखी शिंगे, मोठे पिवळे डोळे आणि शरीराच्या मानाने फारच लहान असे दोन पंख आहेत. कल्पनाशक्ती ही अमूर्त गोष्ट मुलांना दाखवायची कशी, या प्रश्नाचे उत्तर म्हणून डिस्नीचे रचनाकार टोनी बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला घडवले. त्याच्या सोबतीला लाल दाढीचा, उंच टोपीचा 'ड्रीमफाइंडर' नावाचा प्रेमळ म्हातारा होता, जो एका विचित्र उडत्या यंत्रातून जगभरच्या कल्पना गोळा करीत फिरतो. एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले, तेव्हा ही राइड तयार नव्हती. ती ५ मार्च १९८३ रोजी सुरू झाली.

तिच्या पहिल्या प्रसंगाची रचना यंत्रकामाची आवड असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. गाड्या पुढे जात राहिल्या तर संवाद अर्धाच ऐकू येणार, आणि गाड्या थांबवल्या तर मागे रांग तुंबणार, अशी अडचण होती. म्हणून एक प्रचंड फिरते चक्र बांधून त्याच्या भागाभागांत तोच प्रसंग, तोच म्हातारा, तेच यंत्र आणि तोच फिगमेंट पुन्हा पुन्हा उभारले, आणि चक्राचा वेग गाड्यांच्या वेगाशी जुळवला. गाडीतल्या माणसाला आपण उडत्या यंत्राच्या शेजारून उडत आहोत असे वाटे आणि गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येई. केवळ एका पात्राशी नीट ओळख व्हावी, यासाठी ते पात्र अनेक वेळा घडवण्याचा खर्च त्यांनी केला.

१९९८ साली ही राइड बंद करण्यात आली आणि पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर १९९९ रोजी, तिचे नवे रूप सुरू झाले. ते आधीपेक्षा लहान होते, त्यात प्रयोगशाळेचे वातावरण आणि दृष्टी-श्रवणाचे चमत्कार होते. ड्रीमफाइंडर पूर्ण गेला होता आणि फिगमेंट ओझरता दिसण्यापुरता उरला होता. लोकांना हे मुळीच रुचले नाही. ज्यांनी लहानपणी त्याला पाहिले होते, ते आपल्या मुलांना घेऊन आले आणि तो नाही म्हणून तक्रारी करू लागले. तक्रारी इतक्या झाल्या की ते रूप दोन वर्षांतच, ऑक्टोबर २००१ मध्ये, बंद करावे लागले आणि जून २००२ मध्ये फिगमेंट पुन्हा राइडच्या केंद्रस्थानी आला. राइडच्या नावातही तो आला. मी पाहिला तो हाच तिसरा अवतार. पहिल्या अवतारातील चक्र आता तेथे नाही आणि म्हाताराही राइडमध्ये परतला नाही, याची खंत जुने प्रेक्षक अजून बोलून दाखवतात. ऐकणाऱ्याला वाटावे, एखाद्या दुरावलेल्या नातेवाइकाची चौकशी चालली आहे.

पडदा अथवा प्रक्षेपण मुळातच वाईट, असा माझा आग्रह नाही. डिस्नीलँडमधील 'हाँटेड मॅन्शन' हा भुतांचा वाडा ९ ऑगस्ट १९६९ रोजी सुरू झाला, तेव्हाच तेथील संगमरवरी दिसणाऱ्या पुतळ्यांच्या चेहऱ्यांवर गाणाऱ्या माणसांचे चलच्चित्र टाकलेले होते. त्याच वास्तूत नाचणारी भुते दिसतात ती काचेवरील प्रतिबिंबाने. ही क्लृप्ती लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी रंगभूमीवर आणली होती. पण दोन्ही ठिकाणी प्रकाश एका घन वस्तूच्या सेवेला लावलेला आहे. पुतळा खरा आहे, नाचणाऱ्या आकृतीही खऱ्या आहेत, फक्त त्या प्रेक्षकाच्या नजरेआड ठेवल्या आहेत. पात्र काढून त्याच्या जागी चित्र लावणे ही निराळी गोष्ट झाली.

ही पात्रे हलतात कशी, हे नाशिकच्या वाचकांना परके वाटण्याचे कारण नाही. १९६३ साली डिस्नीलँडमध्ये दीडशेहून अधिक पक्षी, फुले आणि लाकडी देवमूर्ती एका दालनात गाऊ लागल्या. चुंबकीय फितीवर नोंदवलेले सूर विद्युतमंडल जोडीत, त्यामुळे झडप उघडे, दाबाची हवा नळीतून जाई आणि चोच उघडे. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकन यांची आकृती खुर्चीतून उठून भाषण करू लागली. तिला ताकद अधिक लागत असल्याने तेथे तेलाच्या दाबाचाही वापर झाला. त्याच प्रदर्शनात चित्रकार मेरी ब्लेअर यांच्या रंगसंगतीतून उभी राहिलेली, देशोदेशीच्या बालबाहुल्यांची जलसफर प्रथम लोकांपुढे आली, आणि दोन वर्षांनी ती डिस्नीलँडमध्ये कायमची वसली. त्या बाहुल्यांच्या हालचाली अगदी थोड्या आहेत: मान, हात, पापणी. कारागिराने योग्य क्षण निवडला की एवढ्या हालचाली पुरतात.

आपल्या हलत्या देखाव्यांत आम्ही हेच करीत आलो. मोटारगाडीच्या काचेवरचे पाणी पुसणाऱ्या वायपरची मोटर भंगार बाजारातून आणायची, कारण ती बारा व्होल्टवर चालते, सावकाश फिरते आणि तिच्यात जोर असतो. तिला क्रँक, म्हणजे वाकवलेला दांडा, जोडली की फिरणे पुढेमागे होण्यात बदलते. लाकडी कॅमचा, म्हणजे पूर्ण गोल नसलेल्या फिरत्या चकतीचा, आकार घासून बदलला की हनुमंताची गदा हळू वर जाते आणि झटक्यात खाली येते. रावणाच्या दहा तोंडांना एकाच सायकलच्या साखळीवर चालवण्यासाठी मी आणि आमच्या मंडळातल्या एका सुताराने तीन रात्री जागून काढल्या होत्या. पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा येथील आरास पाहायला खेड्यापाड्यांतून माणसे येत, ती मूर्तीच्या दर्शनाबरोबरच 'हलतंय काय' हे पाहायला येत. अलीकडे आमच्या भागातील काही मंडळांनी देखाव्याच्या जागी एलईडी भिंत भाड्याने घेण्यास सुरुवात केली आहे. कार्यकर्त्यांना वेळ नाही, जाणती माणसे थकली, हे मी समजू शकतो; पण भाड्याची भिंत परत गेली की मंडळाजवळ काहीच उरत नाही, शिकलेला पोरगाही उरत नाही.

या जिल्ह्याला तर अंधारातील पात्रांची फार जुनी ओळख आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागांत होणाऱ्या बोहाड्यात गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, वेताळ अशी मुखवटे घातलेली सोंगे रात्रीच्या वेळी, संबळाच्या तालावर, उजेडाच्या वर्तुळात नाचत येतात. एक सोंग अंधारातून येते, थोडा वेळ दिसते, मागे सरकते आणि पुढचे येते. लाकूड आणि कागदाच्या लगद्यातून हे मुखवटे घडवणारे हात अजून जिल्ह्यात आहेत. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आणि नाशिकला आपली चित्रसंस्था थाटलेले दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडथोडी टिपून तीच सलग हलताना दाखवली होती; स्थिर वस्तूला चालना देण्याची ही जिद्द आमच्या मातीतली आहे, असे मला मनापासून वाटते. सातपूर-अंबडमध्ये हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर, झडपा, नियंत्रण-पेट्या यांवर काम करणारे किती तरी कुशल कामगार आहेत. मूर्तिकार आहेत, नेपथ्यकार आहेत. ही सर्व माणसे एका खोलीत बसली, तर परदेशी यंत्रसामग्रीवाचूनही येथे मुलांसाठी उत्तम डार्क राइड उभी राहू शकते.

आणि तिच्यासाठी ड्रॅगनही आयात करावा लागणार नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा टुणुक टुणुक पळणारा भोपळा ही गोष्ट मराठी घरांत कोणाला ठाऊक नाही? भोपळ्याच्या आकाराची गाडी करावी, मूल त्याच्या पोटात बसावे, आणि प्रत्येक वळणावर वाघ, कोल्हा, अस्वल यांनी वाकून आत डोकवावे. येथे प्रवासीच म्हातारी होतो. म्हणून हिमगौरीच्या राइडमधली चूक टाळण्यासाठी सुरुवातीच्या दालनात चुलीपुढे बसून गाठोडे बांधणारी म्हातारी मुलांना दाखवावी आणि शेवटी लेकीच्या अंगणात ती पुन्हा भेटवावी. वाघाने घाबरवू नये, त्याला भूक लागलेली असावी एवढेच. त्याच्या मिश्या हलाव्यात, पोट गुरगुरावे. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. तेथील रोहित, चक्रवाक आणि जांभळी पाणकोंबडी या पक्ष्यांची गाणारी पंगत एखाद्या दालनात मांडली, तर मुलांना आपल्याच तालुक्यांतले पाहुणे ओळखू येतील.

मात्र पात्र घडवणे हे निम्मे काम झाले. त्याला रोज सांभाळावे लागते. हवेच्या नळ्या गळतात, धुळीने झडपा अडकतात, त्वचेसाठी वापरलेले रबर उष्णतेने तडकते, ओठांची हालचाल आवाजाच्या मागे पडू लागते. कारखान्यात आम्ही प्रत्येक यंत्रापाशी देखभालीची वही ठेवीत असू. तशी वही प्रत्येक पात्रापाशी असावी आणि उद्यान उघडण्यापूर्वी एका माणसाने रिकाम्या गाडीतून संपूर्ण फेरी मारून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, सर्व पात्रे पाहावीत. बिघडलेले पात्र दुरुस्त होईपर्यंत झाकून ठेवावे अथवा त्याच्यावरचा दिवा बंद करावा. जबडा उघडा टाकून त्याला दिवसभर लोकांपुढे बसवणे मला योग्य वाटत नाही. आणखी एक गोष्ट कठोरपणे पाळली पाहिजे. पात्रांच्या अंगात फोम, कापड आणि तारा असतात. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतील एका उद्यानाच्या अंधाऱ्या भुताटकीच्या वाड्याला आग लागून आठ किशोरवयीन मुलांचा मृत्यू झाला. तेव्हा आग न पकडणारे साहित्य, धूर ओळखणारी यंत्रणा आणि अंधारातही दिसणारे बाहेर पडण्याचे मार्ग यांबाबत कोणतीही सवलत कोणालाही मिळता कामा नये.

आपल्या दैनिकाच्या द्वारे माझी उद्यानचालकांना विनंती आहे की त्यांनी जुनी पात्रे भंगारात काढून पडदे लावण्यापूर्वी एकदा ती उघडून, तपासून पाहावीत. पुष्कळशी पात्रे थोडक्या खर्चात पुन्हा हलू लागतील. गणेश मंडळांना विनंती आहे की देखाव्याच्या खर्चातून निदान एक हलते पात्र दर वर्षी स्वतः घडवावे आणि ते वर्षभर जपून ठेवावे. तंत्रनिकेतने व आयटीआय यांनी हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत घेतले, तर कॅम आणि झडप म्हणजे काय हे मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर कळेल. माझ्या घरी वायपरच्या चार मोटरी, कॅमचे जुने साचे आणि रावणाच्या तोंडांची साखळी अजून तेल घालून ठेवलेली आहे. ज्या मंडळाला किंवा शाळेला हे काम शिकावयाचे असेल, त्यांच्याकडे रविवारी सकाळी येऊन विनामूल्य शिकवण्यास मी तयार आहे. आपल्या कार्यालयाकडे कोणी विचारणा केल्यास माझा पत्ता त्यांना अवश्य द्यावा.

ज्या उद्यानात तो ससा आहे, तेथेही मी स्वतंत्र पत्र पाठवले आहे. गिअरचा अंदाजे आकार आणि तो शहरात कोणत्या प्रकारच्या दुकानात मिळेल, हे त्यात लिहिले आहे. दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन पुन्हा जाण्याचा विचार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त उपकरण-तंत्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक